आर सेव्हन हवा होता, आर टेन घेतेय : खानापूर-बेळगाव भागात फोटो काढणाऱ्यांनी बोलावं

मलप्रभाकाठ

नमस्कार. मी खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिकवते. पावसाळ्यात बेडूक, एरवी पक्षी आणि फुलपाखरं, असे फोटो काढते. आतापर्यंत भावाच्या जुन्या कॅमेऱ्यावर भागवलं. आता स्वतःचा घ्यायचाय.

कॅननचा ईओएस आर सेव्हन कॅमेरा २०२२ साली बाजारात आला तेव्हापासून माझ्या मनात आहे. त्याच वेळी त्याचा धाकटा भाऊ आर टेनही आला होता, पण त्याच्याकडे मी नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. आता पैसे जमलेत, पण आर सेव्हन आणि त्यावर लांब पल्ल्याची लेन्स असं दोन्ही एकदम होत नाही. मला मिळालेल्या भावात दोन बॉडींमध्ये (लेन्सशिवाय नुसत्या कॅमेऱ्यांत) ४० हजारांच्या वर फरक आहे. आर टेन घेतला तर तेवढ्यात आरएफ १००-४०० मिलिमीटर लेन्सची बरीचशी किंमत निघते. म्हणून आर टेन आणि १००-४०० असं ठरवलंय. दुकानात पैसे अजून दिलेले नाहीत. त्याआधी माझा हिशेब इथे मांडते, जाणकारांनी तपासून बघावा.

पहिलं मेगापिक्सेलचं. आर सेव्हन ३२.५, आर टेन २४.२. ऐकायला फरक मोठा वाटतो. पण फोटोची रुंदी बघा, एकाची ६९६० पिक्सेल आणि दुसऱ्याची ६०००. म्हणजे त्याच जागेवरून, त्याच लेन्सने काढलेला पक्षी आर सेव्हनमध्ये साधारण १६ टक्के मोठा मिळणार. १०० फुटांवरचा धनेश ८६ फुटांवर येऊन बसल्यासारखा. चांगलंच आहे, नको कोण म्हणेल! पण ४०० मिलिमीटरला ही लेन्स एफ/८ पर्यंतच उघडते (हा आकडा मोठा तितका प्रकाश कमी), आणि तिथे विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून येताना प्रकाश पसरतो म्हणून, बारीक पिक्सेलचा तो फायदाही पुरता पदरात पडत नाही.

दुसरं पावसाचं, आणि यावर मी सगळ्यात जास्त विचार केला. आर सेव्हनला धुळीपाण्यापासून चांगलं संरक्षण आहे, आर टेनला तेवढं नाही. जांबोटीच्या पुढे कणकुंबी-चोर्ल्याकडचा पाऊस ज्यांनी अंगावर घेतलाय त्यांना हा मुद्दा समजावून सांगायला नको. पण मला परवडणारी १००-४०० लेन्स तशी सील केलेली नाही. सील असलेली १००-५०० एल दोन लाखांच्या वर जाते. मग बॉडी बंदिस्त आणि लेन्स उघडी, यात पाणी आत जायचं ते लेन्सकडून जाणारच. म्हणजे पावसाचं कव्हर आणि छत्री दोन्ही कॅमेऱ्यांना सारखीच लागणार. आर सेव्हनचा तो गुण मला या लेन्सबरोबर वापरताच येणार नाही.

तिसरं, बॉडीतलं स्थिरीकरण, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय. ते आर सेव्हनमध्ये आहे, आर टेनमध्ये नाही. उडणाऱ्या पक्ष्याला त्याचा उपयोग नाही, तिथे शटरच वेगवान लागतं. बसलेल्या पक्ष्यासाठी लेन्सचं स्वतःचं स्थिरीकरण आहे. पण संध्याकाळी दगडावर निवांत बसलेल्या बेडकाचा फोटो साध्या लेन्सने, सावकाश शटरने हातात धरून काढायचा तर तिथे आर सेव्हनची उणीव मला भासणार. इथे माझ्याकडे उत्तर नाही.

डोळा शोधून धरणारा फोकस मात्र दोन्हीत एकाच पिढीचा आहे. मेकॅनिकल शटरने सेकंदाला १५ फोटो, तेही दोन्हीकडे. आर टेन बॅटरी-कार्डासकट ४२९ ग्रॅम, आर सेव्हन ६१२. १००-४०० लेन्स ६३५ ग्रॅम. शाळेच्या पिशवीत डबा-वह्यांबरोबर रोज नेता येईल असा संच मला हवाय, कारण मला दिसणारं बरंचसं शाळेच्या वाटेवरच दिसतं.

आणि हे फोटो कशासाठी? माझ्या वर्गात भिंतीवर आमच्याच शिवारातले जीव लावलेत. मुलं रोज त्यात भर मागतात. शिवाय आयनॅचरलिस्ट या जीवांच्या नोंदींच्या वेबसाइटवर नोंदी टाकते. तिथे बेडकाचा डोळा, बोटांमधला पडदा, मांडीवरचे पट्टे स्पष्ट दिसले की जाणकार ओळख पटवून देतात. या लेन्सचं ०.४१ पट मॅग्निफिकेशन आहे, म्हणजे फुलपाखरू किंवा बेडूक लांबून, त्याला न घाबरवता मोठा घेता येईल. या कामाला आर टेन पुरेसा आहे असं माझं मत झालंय.

तरीही आर सेव्हन हवा होता आणि अजून हवाय. ते मनातून गेलेलं नाही, जावं असंही वाटत नाही. तुमचं काय मत?

करकोचा_हुक्केरी

ताई, हिशेब आवडला, पण प्रकाशाचा मुद्दा तुम्ही उरकून टाकलात आणि तुमच्या भागात तोच मोठा आहे.

मी घटप्रभेच्या बाजूचा. धुपदाळच्या बंधाऱ्याचं पाणी मोकळं आहे, वर आकाश, हिवाळ्यात कांड्या करकोच्यांचे थवे उतरतात तेव्हा सकाळी आठनंतर भरपूर प्रकाश असतो. तिथे एफ/८ काय, एफ/११ लेन्ससुद्धा चालते. तुमच्याकडे गोष्ट निराळी. भीमगडच्या कडेचं सदाहरित रान, जुलैचं आभाळ, झाडाखाली दिवसाही अंधार. तिथे एफ/८ ला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० लावूनही शटर सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास रेंगाळणार. नवरंग पक्षी पाचोळ्यात उड्या मारत असेल तर फोटो हललाच.

म्हणून माझा सल्ला तिसराच. सेकंड हॅन्ड निकॉन डी ५०० आणि त्यावर निकॉनची २००-५०० एफ/५.६. माझ्याकडे हाच संच आहे. कॅमेरा २०१६ चा, २० मेगापिक्सेलच आहेत, पण बांधा दणकट. एफ/८ च्या मानाने एफ/५.६ म्हणजे दुप्पट प्रकाश. जिथे तुम्ही ६४०० वर असाल तिथे मी ३२०० वर असेन. नीट शोधलं तर दोन्ही मिळून तुमच्या बजेटच्या आसपास बसतं.

मलप्रभाकाठ

@करकोचा_हुक्केरी, प्रकाशाचं म्हणणं शंभर टक्के मान्य. एफ/५.६ मलाही हवंय. पण तुमची ती लेन्स एकटीच २.३ किलो आहे आणि डी ५०० ८६० ग्रॅम. तीन किलोंच्या वर गेलं. मी चालत जाते, बसने जाते. आणि डी ५०० चं उत्पादन २०२२ मध्ये थांबलंय, पुढे काही बिघडलं तर भाग मिळतील का ही धास्ती राहील.

झाडाखालच्या अंधारात मला नवरंगचा फोटो मिळणार नाही, हे धरूनच चाललेय. त्याची शीळ मेच्या शेवटी ऐकू येते, तेवढी नोंद वहीत होते. अंधारात मला बेडूक जास्त महत्त्वाचे, आणि ते एका जागी बसतात.

करकोचा_हुक्केरी

वजनापुढे बोलता येत नाही. माझ्याकडे मोटारसायकल आहे आणि धुपदाळला पाण्यापर्यंत गाडी जाते, हा फरक आहेच.

एक मात्र सांगतो. इलेक्ट्रॉनिक शटरच्या मोहात पडू नका. आर टेनमध्ये त्याने सेकंदाला २३ फोटो मिळतात असं लिहिलेलं असतं, पण सेन्सर वाचायला वेळ लागतो, त्यामुळे उडत्या पक्ष्याचे पंख वाकडे येतात. आर सेव्हनलाही हाच त्रास आहे. मेकॅनिकल १५ भरपूर झाले. आणि आर टेनचा बफर, म्हणजे कार्डावर जाण्याआधी फोटो साठतात ती जागा, लहान आहे, सारखं बटण दाबून ठेवलंत की थोड्या वेळात थांबतो. सी-रॉ (कॅमेऱ्याची कच्ची 'रॉ' फाइल, पण आवळलेली) लावा, फाइल लहान होते, बराच फरक पडतो. कार्ड मात्र यूएचएस-टूचंच (जलद लिहिणारं) घ्या. तिथे काटकसर केली तर बफर रिकामा व्हायची वाट बघत बसाल.

निपाणीकर_मांडव

मी लग्नाचे फोटो काढतो, निपाणी-चिकोडी-संकेश्वर भागात. माझं मत वेगळं पडेल.

आर टेनमध्ये कार्डाचा खाचा एकच, आर सेव्हनमध्ये दोन. मी पैसे घेऊन काम करतो, म्हणून माझ्यासाठी इथेच विषय संपतो. अक्षता पडतात तो क्षण परत येत नाही. कार्ड रुसलं तर नवरीच्या आईला काय तोंड दाखवायचं? दोन कार्डांवर एकदम लिहिलं जातं म्हणून मी रात्री झोपू शकतो. त्यामुळे माझ्या धंद्यातल्या कुणी विचारलं तर मी सांगेन, खालचं मॉडेल घेऊ नको, थांब, भाड्याने बॉडी आण, पण एका खाच्याचा कॅमेरा लग्नाला नेऊ नको.

पण ताई, तुमचं काम वेगळं आहे. बेडूक उद्याही तिथेच असेल, निदान पुढच्या पावसात तरी असेल. तुम्हाला एक खाचा चालेल. रोज घरी आल्यावर फोटो लॅपटॉपवर आणि एका वेगळ्या डिस्कवर, एवढी सवय ठेवा.

अजून एक, बॅटरी. आर सेव्हनची एलपी-ई६एनएच २१३० एमएएचची, आर टेनची एलपी-ई१७ फक्त १०४०. निम्म्याहून कमी. आरशाशिवायचे कॅमेरे बॅटरी खातात, आणि हे दोन्ही तसलेच. तुमच्याकडे पावसात लाइट गेली की कधी येईल सांगता येत नाही, म्हणजे जादा बॅटऱ्यांचे पैसे आत्ताच धरून चाला.

बेळगुंदीचा_पोरगा

सगळ्यांचं वाचुलोय. माझं बजेट तुमच्या निम्मं पण नाही, म्हणून विचारतो.

मला शिवजयंतीचे चित्ररथ काढायचेत. आमच्या बेळगावात वैशाखात मिरवणूक असते, रात्रभर. सजीव देखावे, मावळ्यांच्या वेशातली पोरं, मशाली, वरनं हॅलोजन. मोबाइलवर काढलं की तोंडं पांढरी पडतात नाहीतर काळी. सोनीचा ए सेव्हन फोर एकाच्या हातात बघितला आणि तेव्हापासून तोच डोक्यात बसलाय. पण त्याचे पैसे माझ्याकडं पाच वर्षांत पण होत नाहीत. ओळखीतला एकजण निकॉन डी ५६०० विकुलाय, १८-५५ लेन्ससकट. घेऊ काय? आणि त्याच्याकडं जुनी ५० एफ/१.८ डी लेन्स पण हाय, ती स्वस्तात देतो म्हणतोय.

निपाणीकर_मांडव

भावा, बॉडी घे, पण ती ५० डी लेन्स घेऊ नको. डी ५६०० मध्ये फोकसची मोटर नाही. जुन्या डी लेन्सना बॉडीतली मोटर लागते. ती लेन्स बसेल, फोटो निघेल, पण फोकस हाताने फिरवावा लागेल. चित्ररथ पुढे सरकतोय, घोडा मान हलवतोय, तिथे हाताने फोकस करत बसलास तर वर्षातली ती एक रात्र हातातून जाईल.

त्याऐवजी निकॉनची ३५ एफ/१.८ जी डीएक्स बघ. तिच्यात स्वतःची मोटर आहे, सेकंड हॅन्ड सहज मिळते. १८-५५ लेन्स ३५ मिलिमीटरवर ठेवली की जेवढा प्रकाश आत येतो त्याच्या जवळजवळ आठपट ही देते. मिरवणुकीला हीच लेन्स ने, बाकी सगळं दुय्यम. आणि शटर काउंट, म्हणजे आतापर्यंत किती फोटो काढलेत ते, बघून घे. या कॅमेऱ्याचं शटर १ लाखाच्या हिशेबाने बनवलेलं असतं. तीस-चाळीस हजार झाले असतील तर निर्धास्त घे.

चेहरे पांढरे पडतात त्याचं कारण हॅलोजन. कॅमेरा आजूबाजूचा अंधार मोजतो आणि फोटो उजळवतो. एक्स्पोजर मुद्दाम एक स्टॉप कमी ठेव, म्हणजे प्रकाश निम्मा. रॉमध्ये काढ, सावल्या नंतर उचलता येतात, पांढरा पडलेला चेहरा परत येत नाही.

बेळगुंदीचा_पोरगा

एवढं कोण सांगत नव्हतं दादा. दुकानात गेलो की ईएमआयवर नवा घे म्हणूनच मागं लागत्यात. शून्य टक्के व्याज म्हणे.

हिशेबी_टिळकवाडी

बँकेत आयुष्य गेलं म्हणून यावर लिहितो. शून्य टक्के असं काही नसतं. २०१३ साली रिझर्व्ह बँकेने स्वतःच बँकांना हे लिहून कळवलं होतं. व्याज कुठेतरी असतंच. कधी रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट तुम्हाला मिळत नाही, कधी प्रक्रिया शुल्क लागतं आणि त्यावर जीएसटी. म्हणून दुकानदाराला आधी विचारायचं, 'आत्ता सगळे रोख दिले तर काय भाव?' आणि मग हप्त्यांची बेरीज करायची. फरक आला तेच व्याज.

दुसरं, कोल्हापूर स्वस्त की बेळगाव, हा आपल्याकडचा कायमचा प्रश्न. पूर्वी दोन्ही राज्यांचा व्हॅट वेगळा होता तेव्हा त्यात काही अर्थ होता. २०१७ पासून कर एकच झालाय. डिजिटल कॅमेऱ्यावर सुरुवातीला २८ टक्के होता, २०१९ च्या जानेवारीपासून १८. राज्याची हद्द ओलांडून पलीकडे गेलं म्हणून कर कमी होत नाही. भावात फरक पडला तर तो दुकानदाराच्या नफ्यातला. कंपनीची वॉरंटी देशभर चालते, पण बिल पक्कं घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. 'बिलाशिवाय इतके कमी' असं कुणी म्हटलं तर तो माल कुठून आलाय ते विचारा. बाहेरच्या देशातून परस्पर आलेल्या मालाला इथली वॉरंटी मिळत नाही.

मलप्रभाकाठ ताईंनी कर्ज न काढता जेवढं जमलं तेवढ्यात संच बसवला, हे मला फार पटलं. हौसेच्या वस्तूचा हप्ता पगारातून जायला लागला की ती वस्तू हातात घेताना आनंद होत नाही. खिडकीच्या या बाजूला बसून मी हे चेहरे बघितलेत.

जुना_रोलवाला

शहापुरात आमचा स्टुडिओ होता. आता बंद आहे. मुलांना या धंद्यात रस नव्हता, आणि त्यांचं बरोबरच होतं.

तुमची चर्चा वाचून बरं वाटलं. आमच्या वेळी मनातला कॅमेरा म्हणजे पेंटॅक्स के १०००. हातात आला तो आग्फा क्लिक थ्री. बडोद्याला बनायचा. एका रोलवर १२ फोटो, चौकोनी. फोकस नाहीच म्हटलं तरी चालेल, उन्हाची खूण आणि ढगाची खूण, एवढंच. त्यावर मी किल्ल्यातल्या कमल बस्तीचे फोटो काढले, कपिलेश्वराच्या तलावावरच्या विसर्जनाचे काढले, राजहंसगडाचे काढले. त्या फोटोंतली मंडळी आता हयात नाहीत, तलावाचा काठही बदलला. लोक आजही माझ्याकडे ते फोटो मागायला येतात. कुठल्या कॅमेऱ्याने काढला असं विचारत नाहीत, 'यात आमचे आजोबा कुठले' असं विचारतात.

पेंटॅक्स नंतर घेतला, पुष्कळ वर्षांनी. उत्तम यंत्र. घेतल्याचं समाधान आजही आहे. पण क्लिक थ्रीच्या काळात तो येईपर्यंत थांबलो असतो तर ती वर्षं कोरी गेली असती.

बाई, तुम्हाला एक कामाची गोष्ट सांगतो, बॉडीच्या वादात ती राहून गेली. बुरशी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातली चप्पल पांढरी होते, लेन्सचं काय घेऊन बसलात. खानापूर तर बेळगावाहून जास्त ओलं. महागाची असो स्वस्तातली असो, एका पावसाळ्यात लेन्सच्या आत जाळं धरतं आणि काचेचा लेप खाल्ला गेला की साफ करूनही डाग राहतो. चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत घालून कपाटात ठेवायचं नाही, तीच पिशवी ओल धरते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल, आणि आर्द्रता दाखवणारा छोटा काटा. तो ४० ते ५० मध्ये राहिला पाहिजे. निळं जेल गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर गरम करा, परत निळं होतं. त्या तव्यावर मग भाकरी नको, जुना वेगळा ठेवा.

आर सेव्हन घेऊन हा डबा नाही घेतला तर काही उपयोग नाही. आर टेन घेऊन घेतला तर पुढची दहा वर्षं चालेल.

मलप्रभाकाठ

काका, डबा यादीत सगळ्यात वर घेतला. लेन्सच्या आधी.

तुमच्या क्लिक थ्रीच्या फोटोंबद्दल वाचून वाटलं, आमच्या वर्गातल्या मुलांना ते दाखवायला हवेत. परवानगी असेल तर सवडीने बेळगावला येऊन बघेन.

सह्याद्री_थांबा

थोडा विरोधी सूर लावतो. आर सेव्हन २०२२ चं मॉडेल आहे. कंपन्या काही वर्षांनी नवं मॉडेल आणतात, तेव्हा जुन्याचा भाव उतरतो. वर्ष-दीड वर्ष थांबा, हवा तोच घ्या. आत्ता आर टेन घेतलात आणि दोन वर्षांनी आर सेव्हन घ्यायला विकायला काढलात, तर त्यात तोटाच होणार. दोनदा खर्च करण्यापेक्षा एकदाच मनासारखं घ्यावं, असं मला वाटतं. खालचं मॉडेल घेऊन मनात वरचं ठेवणारे मी बरेच बघितलेत, ते शेवटी वरचं घेतातच.

मलप्रभाकाठ

@सह्याद्री_थांबा, पैशाच्या बाजूने तुमचं बरोबर आहे. बॉडी विकताना नुकसान होतं, ते मीही धरलंय. पण लेन्सचं तसं नाही. उद्या आर सेव्हन घेतला तर हीच १००-४०० त्यावर बसणार, हाच डबा, हीच कार्डं. जाणारा पैसा फक्त आर टेनच्या किमतीतला काही भाग. दोन पावसाळ्यांसाठी तेवढं भाडं भरलं असं मी समजेन.

आणि थांबायला माझ्याकडे वेळ नाही. मलबारचा उडता बेडूक पहिल्या मोठ्या पावसात पाण्यावर झुकलेल्या फांद्यांवर फेसाची घरटी करतो. गेल्या काही वर्षांत मी ज्या डबक्यांजवळ तो बघत होते, त्यातली काही रस्त्याच्या कामात बुजली. कुठलं डबकं पुढच्या वर्षी असेल ते मला माहीत नाही. माझ्या शाळेतली चौथीची मुलं वर्षाने पुढच्या शाळेत जातील. यंदाच्या मुलांना यंदाचा बेडूक दाखवायचाय. कॅमेऱ्याचा भाव उतरेल तेव्हा उतरेल.

करकोचा_हुक्केरी

हे वाचल्यावर माझ्याकडून डी ५०० चा आग्रह मागे. घ्या आर टेन.

फक्त रात्री बेडकांवर फ्लॅश मारताना जपून. आर टेनला वर छोटा फ्लॅश आहे, जो आर सेव्हनमध्ये नाहीच, तेवढा एक गुण धाकट्याकडे जास्त. पण सरळ मारला तर ओल्या कातडीवर पांढरे डाग येतात आणि त्या जिवालाही त्रास. पातळ पांढऱ्या कापडाचा पडदा लावा, दोन-तीन फोटो झाले की तिथून उठा. अंडी किंवा फेस असेल तिथे फांदी वाकवून घेऊ नका. नेमकी जागा कुठे टाकू नका, आयनॅचरलिस्टवर ठिकाण धूसर करता येतं. आणि भीमगडच्या हद्दीत शिरायचं तर वनखात्याची परवानगी आधी. २०११ पासून ते अभयारण्य आहे. बारापेडे गुहांमधली ती दुर्मीळ वटवाघळं जगात फार थोड्या जागी आहेत, कॅमेरा घेऊन तिकडे कुणी जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मलप्रभाकाठ

भीमगडच्या आत मी जातच नाही, त्याबद्दल निश्चिंत असा. गावाच्या शिवारात आणि रस्त्याकडेच्या ओढ्यांवर माझं सगळं भागतं. जागा धूसर करायची सूचना लगेच अमलात आणते, जुन्या नोंदींवरसुद्धा.

बेळगुंदीचा_पोरगा

डी ५६०० घेतला! शटर काउंट बावीस हजार. ३५ ची लेन्स पण एकाकडनं ठरवलीय, रविवारी आणायला जाऊलोय. काल मारुती गल्लीत संध्याकाळी १८-५५ वरच काढून बघितलं, एक स्टॉप कमी ठेवून. तोंडं पांढरी पडली नाहीत. सोनी अजून डोक्यात हाय, पण आता रात्री झोपताना मी निकॉनचं मॅन्युअल वाचुलोय.

निपाणीकर_मांडव

शाब्बास रे. मिरवणुकीच्या आधी गणपत गल्लीत दोन-तीन रात्री हिंडून सराव कर, फोकस पॉइंट स्वतः निवडायची सवय लाव. आणि पुढे उभ्या असलेल्या माणसाला धक्का न देता जागा मिळवायची असेल तर संध्याकाळीच येऊन एखाद्या ओळखीच्या गॅलरीत बस.

मलप्रभाकाठ ताई, तुमच्यासाठी एक. माझ्याकडे आधी कॅनन २०० डी होता. तो विकला, पण त्याच्या दोन जादा बॅटऱ्या तशाच राहिल्यात, एलपी-ई१७, कंपनीच्याच. आर टेनलाही हीच लागते. मला काही उपयोग नाही, पैसे नकोत. चार्ज धरतात का ते आज रात्री बघून सांगतो.

मलप्रभाकाठ

दादा, फार मोठी मदत झाली. बॅटऱ्यांचे पैसे धरून ठेवले होते, त्यात आता कार्ड यूएचएस-टूचं येईल. शनिवारी दुकानात पैसे भरतेय, बेळगावातच. हिशेबी काकांनी सांगितल्याप्रमाणे रोखीचा भाव विचारला, थोडा उतरला.

निपाणीकर_मांडव

दोन्ही धरतात. एक पूर्ण, दुसरी थोडी कमी, कमीवाली सुटी म्हणून ठेवा. रविवारी मी खानापूरला लग्नाला आहे, सकाळी नऊच्या आत स्टँडवर या, देतो. कॅमेरा आलेला असेल तर तोही आणा, फोकसचं सेटिंग तिथेच लावून देतो.